पायाला रिंग बसवलीय? पिनांच्या तोंडाशी होणाऱ्या या चुका टाळा

हाड लांबवण्यासाठी पायाला बाहेरून रिंग किंवा रॉड बसवला, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष नट फिरवण्याकडे लागतं. हाडातली फट दिवसाला १ मिलिमीटर वाढवायची, तेही ०.२५ मिलिमीटर असं चार वेळा करून. वेळापत्रक भिंतीवर लागतं, मोबाइलला गजर लागतो. पण या उपचारात सर्वांत जास्त आढळणारा त्रास नटाचा नसतो. पीन किंवा तार जिथे कातडीतून आत शिरते, त्या जागी तो होतो.

हा धोका इतके दिवस का टिकतो, ते आधी समजून घ्या. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. गावरील इलिझारोव्ह यांनी ही पद्धत घडवली. कापलेलं हाड हळूहळू ताणलं की मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं, हे तिचं मूळ. १ सेंटिमीटर ताणायला साधारण १० दिवस लागतात, पण ते हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे सेंटिमीटरमागे किमान महिनाभर धरा. ५ सेंटिमीटर वाढवायचे तर पाच-सहा महिने कातडीला पिनांची भोकं उघडीच राहणार. कातडीवरचे जंतू, त्यातही स्टॅफिलोकॉकस, तिथूनच आत जातात. इतक्या महिन्यांत एखाद्या पिनेला संसर्ग होणं अगदी सामान्य आहे, त्यात कुणाचा दोष नसतो. वेळीच ओळखला तर बहुतेकदा नीट ड्रेसिंग आणि गोळ्यांवर तो आटोक्यात येतो. घात होतो तो लपवल्याने, किंवा घरच्या घरी उपाय करत बसल्याने.

हळद, खोबरेल, राख

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर असो, निपाणी असो की चिकोडी, पाहुणे बघायला आले की सल्ला ठरलेला: “वाईच हळद भरा की, लगेच सुकंल.” मायेपोटीच सांगतात. पण इथे जखम वरून सुकवायची नसते. पिनेच्या कडेने जे थोडं पाणी येतं, त्याला बाहेर यायला वाट हवी. हळद, तेल, मलमाचा जाड थर किंवा कॅप्सूल फोडून टाकलेली पूड तिथे बसली की तोंड बुजतं आणि घाण आत साठते. देवाचा अंगारा कपाळाला लावा, पिनेला नको. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढण्याचीही काहींना सवय असते. त्याने नवीन भरत आलेलं मांसही दुखावतं.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं एकच द्रावण वापरा. बरेच डॉक्टर स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक देतात, काही जण सलाईन. स्पिरिट असेल तर चुलीजवळ किंवा दिव्याजवळ ड्रेसिंग करू नका, आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच गॉज ठेवा.

जास्तीची काळजीही त्रासाची ठरते. दिवसातून तीन-तीनदा पट्टी उघडून बघणं, खपली नखाने किंवा काडीने उकरणं, हे बंद करा. सुरुवातीचे दिवस गेल्यावर आठवड्यातून एकदाच ड्रेसिंग पुरे, असं आता अनेक डॉक्टर सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी रोज सांगितलं असेल तर रोज करा. पट्टी भिजली किंवा मळली तर मात्र ठरलेल्या वारासाठी थांबू नका.

करताना हात साबणाने धुवा आणि प्रत्येक पिनेला वेगळा गॉज घ्या. आधी कोरड्या पिना, वाहणारी पीन सर्वांत शेवटी. एकाच बोळ्याने सगळ्या पिना पुसल्या की एकीची घाण दहांना लागते.

कातडी हलू देणं

याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पीन हाडात घट्ट असते, पण कातडी आणि खालचं मांस तिच्याभोवती सरकत राहतं. प्रत्येक हालचालीला घर्षण, मग लाली, मग पाणी, मग जंतू. मांडीत मांस जास्त, म्हणून तिथल्या पिना नडगीपेक्षा जास्त त्रास देतात. पिनेभोवती गॉज गुंडाळून हलका दाब राहील असं बांधा, म्हणजे कातडी जागच्या जागी राहते. आवळून बांधू नका. व्यायाम मात्र सोडायचा नाही, नाहीतर गुडघा आणि घोटा आखडतो. एखादी पीन चिडली असेल तर व्यायाम किती करायचा, ते फिजिओथेरपिस्टना विचारा.

तार सैल पडली तरीही हेच घडतं. एकच पीन सारखी दुखते, वाहते, हात लावला की हलते, तर ती सैल झालेली असू शकते. अशा वेळी गॅरेजमधला पाना आणून स्वतः आवळू नका. तारेचा ताण ठरावीक असतो, तो डॉक्टरच देऊ शकतात.

पाणी म्हणजे पू नव्हे, आणि पू म्हणजे पाणी नव्हे

थोडं पातळ, पारदर्शक किंवा किंचित पिवळसर पाणी येऊन त्याची खपली धरणं, हे चालतं. ताणाच्या दिवसांत ते जरा जास्तही येतं. काळजीची लक्षणं वेगळी: लाली रोज पसरतेय, जागा गरम लागते, घट्ट पांढरा किंवा हिरवट पू येतो, वास येतो, ठणक्याने रात्री झोप लागत नाही. रोज एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वाढ लगेच कळते. दवाखान्यात कन्नड बोलणारी सिस्टर असो, मिरज-कोल्हापूरचे मराठी डॉक्टर असोत की इंग्रजीतला डिस्चार्ज पेपर असो, तारीखवार फोटो दाखवले की समजावण्यातला अर्धा वेळ वाचतो. घरी सोडताना सिस्टरना ड्रेसिंग हाताने करून दाखवायला सांगा आणि परवानगी घेऊन त्याचा व्हिडिओ करा.

थंडी वाजून ताप, उभं राहिल्यावर अचानक वाढलेली कळ, किंवा गुडघ्याजवळच्या पिनेला पू आणि गुडघा सुजून हलेनासा होणं, यांपैकी काही झालं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा. तार सांध्याच्या जवळून गेली असेल तर जंतू सांध्यात जाऊ शकतात.

मेडिकलमधून मनानेच अँटिबायोटिक घेऊन दोन दिवसांत सोडणं ही फार महागात पडणारी चूक. जंतू मरत नाहीत, आणि पुढे पू तपासायला दिला तरी खरं उत्तर मिळेनासं होतं. दुखतंय म्हणून नट फिरवणंही स्वतःहून थांबवू नका, फटीतलं हाड वेळेआधी जुळून बसेल. आधी डॉक्टरांना फोन करा.

पाऊस, गोठा, तंबाखू

खानापूरच्या पावसात चिखलणीच्या शेतात, गोठ्यात किंवा मलप्रभेच्या पाण्यात हा पाय जाता कामा नये. विहिरीत पोहणंही नको. आंघोळ कधी आणि कशी करायची ते डॉक्टर सांगतील. नंतर प्रत्येक पीन स्वच्छ गॉजने कोरडी करा. माश्या बसू नयेत म्हणून वरून सैल सुती कापड घाला.

निपाणी हा तंबाखूचा पट्टा, घराघरात बिडी आणि मिश्री. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला आणि नवीन हाड धरायला उशीर लागतो. घरातल्या बायकांना मिश्री हे व्यसन वाटत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी त्या सांगत नाहीत. सांगा, आणि रिंग असेपर्यंत तरी सोडा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.

रिंग काढल्यावर भोकं साधारण काही आठवड्यांत भरून येतात. एखादं भोक त्यानंतरही वाहत राहिलं, किंवा भरून पुन्हा फुटलं, तर एक्स-रे काढून घ्या. पिनेभोवतीचा हाडाचा छोटा मेलेला तुकडा आत राहिलेला असू शकतो, आणि तो काढल्याशिवाय जखम बंद होत नाही.