ऑकलंडला लेकीकडे जाताय? एक दिवस रंगीटोटोसाठी ठेवा
ऑकलंडला मुलांकडे जाणाऱ्या प्रत्येक नाशिककराला मी रंगीटोटो हे ज्वालामुखीचं बेट आवर्जून सुचवते. शहरातून फेरीबोटीनं साधारण २५ मिनिटं. तिथे दुकान नाही. पाणी आणि दशम्या-चटणी घरूनच न्या. बूट, पिशव्या घासूनपुसून घ्या, कारण माती, बी, साधी मुंगीसुद्धा बेटावर जाता कामा नये. माथा २५९ मीटर, तासाभराची चढण. अंजनेरी चढणाऱ्याला जड नाही, पण काळा लाव्हा उन्हात फार तापतो, टोपी हवीच. आपल्या सह्याद्रीचा कातळ सुमारे ६.५ कोटी वर्षांचा. हा जेमतेम ६०० वर्षांचा, अजून धारदार! त्यावर पोहुटुकावा या तिथल्या झाडांचं रान उभं राहिलेलं पाहून हात जोडावेसे वाटतात. लाव्हाच्या गुहांसाठी बॅटरी घ्या. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारा. तिथे मुक्कामाची सोय नाही.