डेक्सट्रान तोडून प्रीबायोटिक साखर बनवायची असेल तर

शिळा ऊस गाळपाला आला की रस बुळबुळीत होतो, गाळायला त्रास होतो, साखरेचे दाणे नीट धरत नाहीत, हा सगळा प्रताप ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जीवाणूने बनवलेल्या डेक्सट्रानचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांच्या चिकट पदार्थाचा. कारखान्याला ते नकोच असतं पण लॅबमध्ये तेच तोडून आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड (ग्लुकोजच्या छोट्या साखळ्या) मिळतात, म्हणजे आतड्यातल्या उपयोगी बायफिडो जीवाणूंचं खाद्य, यालाच प्रीबायोटिक म्हणतात. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला खरंच भारी विषय आहे.

मीडियात (जीवाणू वाढवायच्या द्रवात) साधारण १०% साखर, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि डायपोटॅशियम फॉस्फेट घाला, ल्युकोनॉस्टॉकचं कल्चर टाकून २५ ते ३० अंशाला दिवसभर ठेवा, दुसऱ्या दिवशी फ्लास्क हलवला की घट्ट झालेलं कळतंच. पेशी सेंट्रिफ्यूजने काढा आणि वरच्या द्रवात तेवढंच गार इथेनॉल हळूहळू ओतत काचेच्या कांडीने ढवळत राहा, पांढरा चिकट गोळा कांडीला गुंडाळून येतो तेच डेक्सट्रान. ते पाण्यात विरघळवून परत इथेनॉलने खाली बसवा, ही पायरी प्लीज गाळू नका, कारण जीवाणू साखरेतला ग्लुकोज साखळीत जोडतो आणि फ्रुक्टोज बाहेर सोडतो, तो राहिला तर डीएनएस टेस्टचं (ही ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या रिड्युसिंग साखरा मोजते) शून्य मिनिटाचं रीडिंगच फुगलेलं येतं आणि पुढचे सगळे आकडे बोंबलतात.

आता तोडायचं. अ‍ॅसिडने तुटतं पण कुठेही तुटतं, ग्लुकोज जास्त होतो, रंगही येतो, त्यामुळे माझं मत डेक्सट्रानेज एन्झाइमच वापरा, बुरशीचं असेल तर पीएच ५ ते ६ आणि ५० अंशाच्या आसपास चांगलं चालतं. खरी गोम वेळेत आहे. जास्त वेळ ठेवलं की शेवटी आयसोमाल्टोज आणि आयसोमाल्टोट्रायोज (दोन आणि तीन ग्लुकोजचे तुकडे) हेच उरतात, आणि आयसोमाल्टोज तर बऱ्यापैकी लहान आतड्यातच पचतो, मग मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना काय मिळणार? म्हणून सुरुवातीला दर १०-१५ मिनिटांनी सॅम्पल काढा, लगेच उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवून एन्झाइम मारा, आणि सगळी सॅम्पल एकाच टीएलसी प्लेटवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, यात साखरा ठिपक्यांनी वेगळ्या दिसतात) ग्लुकोजच्या शेजारी लावा. ग्लुकोज सगळ्यात वर पळतो, साखळी जितकी लांब तितका ठिपका खाली. मधले ठिपके गडद आणि वरचे फिके असतील ती वेळ पकडा.

मग चारकोलने रंग काढा, फ्रीझ ड्राय करा आणि लगेच हवाबंद बाटलीत भरा, पावडर हवेतला ओलावा पटकन ओढते. लॅबचं एन्झाइम आणि केमिकल वापरलंय म्हणून चव बिलकुल बघू नका, बायफिडोच्या कल्चरला द्या आणि शेजारी एक फ्लास्क इन्युलिनचा (हे आधीपासून माहीत असलेलं प्रीबायोटिक), एक साखरेशिवायचा ठेवा.