बी.एस्सी. झालं, आता हॉस्पिटल लाइनला कसं जायचं?

दरवर्षी निकालाच्या सुमाराला आमच्या रुग्णालयाच्या लॅबबाहेर, रक्त द्यायला थांबलेल्या लोकांच्या मागे, कुणीतरी गुणपत्रिकांची प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून उभं असतं. "मॅडम, बी.एस्सी. झालंय. हॉस्पिटल लाइनला जायचंय. कुठला फॉर्म भरू?" मीही सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि मगच लॅबमध्ये आले, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. पण त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. मी त्यांना आत बसवते आणि आधी एकच विचारते: बारावीला विषय कोणते होते, आणि किती पडले?

समोरचा गोंधळतो. पदवी हातात असताना बारावी कशाला? कारण आरोग्याचे काही अभ्यासक्रम तुमची पदवी मोजतात, आणि काहींना तुमच्या पदवीशी देणंघेणंच नसतं, ते थेट बारावी मागतात. हे वेळेवर न कळल्यामुळे मुलांचं अख्खं वर्ष वाया गेलेलं मी पाहिलंय.

आधी वहीच्या पानाचे दोन भाग करा

डाव्या बाजूला पदवीवर मिळणारे अभ्यासक्रम लिहा, उजव्या बाजूला बारावीवर मिळणारे.

डावीकडे सगळ्यात जवळचा रस्ता पीजी-डीएमएलटीचा, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा. रसायन, प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव, जैवरसायन असे विषय घेतलेल्यांसाठी तो आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांमध्ये तो शिकवला जातो. अभ्यासाची, संशोधनाची ओढ असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये शरीररचना, शरीरक्रिया, जैवरसायन, औषधशास्त्र या विषयांत एम.एस्सी. आहे. तिथे बी.एस्सी.वाल्यांना खुल्या प्रवर्गात 60 टक्के लागतात आणि अखिल भारतीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एक गोष्ट घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा: ही एम.एस्सी. करून डॉक्टर होता येत नाही, रुग्ण तपासता येत नाहीत. शिकवणं आणि संशोधन हाच तिचा मार्ग.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय प्रशासन हे कुठल्याही पदवीधराला खुले असलेले विषय. मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था दोन्ही शिकवते आणि तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे.

भौतिकशास्त्राच्या मुलांना तर कुणी काही सांगतच नाही. "फिजिक्सवाल्यांचं हॉस्पिटलात काय काम?" असं त्यांचे मास्तरसुद्धा विचारतात. कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार मेडिकल फिजिसिस्ट ठेवावाच लागतो. गाठीला किती मात्रा द्यायची, कुठल्या कोनातून, शेजारचा पाठीचा कणा कसा वाचवायचा, हे गणित तोच मांडतो. त्यासाठी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करा आणि मग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. म्हणजे बी.एस्सी.नंतर लगेच दार उघडत नाही, पण दार कुठं आहे हे आज माहीत असेल तर एम.एस्सी.चे विषय त्या हिशेबानं निवडता येतात.

आता उजवी बाजू. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी या सगळ्यांचा रस्ता 'नीट' या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जातो. नीटची कमाल वयाची अट 2022 मध्ये निघाली, त्यामुळे पदवीनंतरही बसता येतं. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. पेपर मराठीतूनही देता येतो. मात्र एमबीबीएसची पात्रता ठरते ती भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांतल्या बारावीच्या एकत्रित गुणांवर: खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, आरक्षित प्रवर्गांना 40. बारावीला जीवशास्त्र सोडलं होतं म्हणून कुणी निराश होऊ नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालं तरी चालतं.

नर्सिंगही याच बाजूला येतं. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्यात वेगळी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, घेतली जाते, आणि तिथेही बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतात.

उजव्या बाजूचा निर्णय घेण्याआधी वर्षं मोजा. एमबीबीएसला साडेचार वर्षं आणि वरती एक वर्ष इंटर्नशिप. तुमच्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांबद्दल एका सत्राचीही सूट नाही. तरीही मन तिकडेच ओढत असेल तर जरूर जा, फक्त हा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडून जा.

एक सकाळ काम बघण्यात घालवा

मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, फॉर्म भरायच्या आधी परवानगी काढून एक सकाळ आमच्याकडे बसा. साडेसातला उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग लागते. सत्तरीच्या आजोबांची शीर कातडीखाली दिसते ठसठशीत, पण सुई टेकवली की सरकते. बोटानं खाली ताणून धरावी लागते, आणि तोवर त्यांच्याशी शेतातल्या पावसाबद्दल बोलत राहावं लागतं. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी, हिमोग्रामसाठी जांभळी. जांभळी भरली की आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायची. नाही केली तर रक्ताच्या बारीक गाठी होतात आणि मशीन प्लेटलेट खोट्या कमी दाखवतं. डेंगीच्या दिवसांत असा एक चुकीचा आकडा घरच्यांची झोप उडवतो.

हे पाहून काहींचे डोळे चमकतात, काहींना गरगरतं. दोन्ही चांगलंच. रक्त बघवत नाही ही काही नालायकी नव्हे, सार्वजनिक आरोग्यात किंवा प्रशासनात तीच मुलं उत्तम काम करतात. पण हे फी भरायच्या आधी कळायला हवं.

मान्यता तपासल्याशिवाय रुपया देऊ नका

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने बसस्टँडजवळचा फलक वाचून एका खासगी संस्थेत लॅबच्या कोर्सला प्रवेश घेतला. "शंभर टक्के नोकरी" लिहिलं होतं. वडिलांनी म्हैस विकून फी भरली. दीड वर्षानं प्रमाणपत्र आलं, सुबक, सोनेरी कडेचं. त्यावर संस्थेचा शिक्का होता, पण विद्यापीठाचा नव्हता, मंडळाचा नव्हता. त्या कागदावर त्याची नोंदणी कुठेच झाली नाही. तो प्रमाणपत्र घेऊन माझ्यासमोर बसला होता तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. म्हणून हा भाग मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगते.

कुठल्याही संस्थेला तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी मागा. प्रमाणपत्र कोण देणार: विद्यापीठ, शासनाचं मंडळ, की संस्था स्वतः? त्या विद्यापीठाच्या या वर्षीच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत तुमचं नाव आणि नेमका हाच अभ्यासक्रम आहे का? मागच्या वर्षीची यादी दाखवली तर पुरेशी नाही. आणि पास झाल्यावर नोंदणी कुठल्या परिषदेत होणार? नर्सिंगसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, वाचा-श्रवणाच्या क्षेत्रासाठी भारतीय पुनर्वास परिषद, लॅबसाठी महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल. संलग्न आरोग्यसेवांसाठी 2021 मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदाही झालाय, त्यामुळे या क्षेत्रांतलं नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणार. संस्थेच्या उत्तरावर थांबू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

कागदांना आजच लागा

प्रवेश हुकतात ते बहुतेक इथेच. अभ्यास झालेला असतो, गुणही असतात, आणि कागद नसतो.

सुरुवात नावापासून करा. दहावीची, बारावीची आणि पदवीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवा, वर आधार कार्ड ठेवा, आणि नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वडिलांच्या नावात दहावीला एक इंग्रजी अक्षर जास्त होतं आणि पदवीला नव्हतं. तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, पडताळणीच्या खिडकीवर आलं. अशी दुरुस्ती कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे जाते आणि तिला वेळ लागतो. शेवटचं सत्र चालू असतानाच ती करून घ्या.

मग वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. ते आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतं. इतर मागासवर्गातून अर्ज करणार असाल तर नॉन-क्रिमिलेअर, तेही प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालणारं. जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपलीय हे रांगेत उभं राहिल्यावर कळतं, आणि मग तहसीलच्या चकरा सुरू होतात.

जात वैधता प्रमाणपत्राबद्दल वेगळं सांगते. साध्या बी.एस्सी.ला कॉलेजनं ते मागितलेलं नसतं, म्हणून पुष्कळांनी काढलेलंच नसतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला मात्र आरक्षित जागेसाठी ते लागतं, आणि समितीकडून यायला महिने जाऊ शकतात. दुसऱ्या वर्षाला असाल तर आजच प्रस्ताव टाका.

पदवी आणि नव्या प्रवेशात वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्या सूत्रानं टक्केवारी काढून दिल्याचं पत्रही घ्या, कारण अर्जात टक्के विचारतात आणि मनानं केलेलं गणित कुणी मान्य करत नाही. सगळ्याचे झेरॉक्सचे तीन संच करा आणि स्कॅन स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मूळ कागद प्रवेशावेळी कॉलेज ठेवून घेतं. तेव्हा रंगीत स्कॅन नसेल तर पुढच्या फेरीला हात रिकामे राहतात.

फॉर्म भरताना

नेट कॅफेवाल्याला स्वतःचा मोबाइल नंबर टाकू देऊ नका. ओटीपी त्याच्याकडे आणि तुम्ही गावी, अशी वेळ येते. नंबर आणि ईमेल तुमचाच हवा.

माहितीपुस्तिका पूर्ण वाचा, निदान पात्रता, आरक्षण आणि जागा सोडण्याचे नियम ही तीन प्रकरणं तरी. केंद्रीभूत प्रवेशाच्या कुठल्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत रक्कम जाते, आणि कधी पुढच्या फेऱ्यांतूनच बाहेर व्हावं लागतं, हे तिथेच लिहिलेलं असतं. पसंतीक्रम भरताना "मिळेल का" हा विचार बाजूला ठेवा. खरोखर हवं ते वर, आणि जिथे मिळूनही जाणार नाही ते यादीत नकोच.

स्वतःबद्दल लिहायचं पान

सार्वजनिक आरोग्याच्या काही संस्था, हा विषय तुम्हाला का शिकायचाय, हे लिहून मागतात किंवा मुलाखतीत विचारतात. जवळजवळ प्रत्येक जण लिहितो, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे." वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. एका मुलीनं मात्र मला हे दाखवलं: "आमच्या गल्लीत डेंगीचे रुग्ण सापडले तेव्हा मी आशाताईंबरोबर घरोघरी फिरले. त्या सगळ्यांना आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगत होत्या. पण आमच्याकडे नळाला पाणी सहा दिवसांनी येतं. भांडं रिकामं कोण करणार?" मी तिला म्हटलं, एक शब्दही बदलू नकोस. पाहिलेली एक गोष्ट आणि तिच्यातून पडलेला एक प्रश्न, बस्स. इंग्रजीतून द्यायचं असलं तरी आधी मराठीत लिहून काढा.

पैशांचं

शिक्षण शुल्काखेरीज वसतिगृह, गणवेश, परीक्षा, अनामत हे सगळं विचारून एकूण आकडा काढा. शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती लागू नाही. मध्यस्थ जेव्हा "थेट जागा देतो" म्हणतो, तेव्हा तो या सवलतीबद्दल चकार शब्द काढत नाही.

प्रवेश पक्का झाला की

रुग्णांशी किंवा त्यांच्या रक्ताशी संबंध येणार असेल, तर त्याच आठवड्यात हिपॅटायटिस-बीच्या लसीचा पहिला डोस घ्या. दुसरा एक महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. कॉलेज सांगेल तेव्हा घेऊ म्हणत थांबलात, तर तीन डोस पुरे व्हायच्या आधीच हातात सुई आलेली असते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची, म्हणजे लस लागू पडली का हे सांगणारी, रक्ताची तपासणी करा. आकडा 10 किंवा त्याहून वर आला पाहिजे. तो रिपोर्टही गुणपत्रिकांच्या फाइलमध्येच लावून ठेवा. पहिल्या नोकरीच्या दिवशी तो मागतात.