नदीच्या उत्सवाआधी: आमची यंदाची यादी

गेल्या वर्षी आरती झाली, वर्धा नदीच्या पाण्यात दिवे सोडले, फोटो झकास आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भोईकाकांनी जाळं ओढलं तर मासे कमी आणि आमचेच द्रोण जास्त. द्रोण पानाचे म्हणून आणले होते. काकांनी एक उचलून नखानं खरवडला, तर आतून प्लास्टिकचा पापुद्रा सोलून आला. "भाऊ, तुमचा उत्सव माह्या जाळ्यात आला," एवढंच म्हणाले. यंदाची यादी म्हणून त्यांच्या ओट्यावर बसूनच केली. कुणाला आपल्या गावी असं काही करायचं असेल तर घ्या.

आधी तारीख. जानेवारीत बाया कापूस वेचायला आणि तूर काढायला जातात, फेब्रुवारी सरत आला की हरभरा सोंगायला येतो, वर बारावीचे पेपर आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच लागतात, मागून दहावीचे. त्या दिवसांत भोंगा लावाल तर शिव्या खाल. मधला फेब्रुवारीचा पहिला आठवडा बरा, आठवडी बाजाराचा वार सोडून. ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या. 'सर्वांनी सहकार्य करावे' असलं गुळमुळीत काही लिहू नका. सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो तिथं जाळी कोण बसवणार, शोषखड्डे कुठं, पैसा कुठून, हे ठरावातच असू द्या. 2 ऑक्टोबर 2022 ला आपल्याच जिल्ह्यातून, सेवाग्रामहून, सरकारनं 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू केलं. चांगलं झालं, पण आपला नाला अडवायला कुणी मंत्रालयातून येत नसतो. आणि वर सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे; त्या आठवड्यात नदीत पाणी सोडणार आहेत का, हे पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात विचारून ठेवा. लेकरं पात्रात उतरणार असतात.

मग बेशरम. काठावर माजलेली ही झुडपं महिनाभर आधीच काढायला घ्या, माती ओली असते तोवर. नुसती छाटली तर दुप्पट फुटते, म्हणून कुदळीनं मुळासकट. तोडलेली कांडी ओल्यात पडली की तिथंच रुजते. सगळा ढीग पाण्यापासून लांब, कडक उन्हात वाळवायचा. चीक हाताला लागतो, हातमोजे हवेत, आणि बकऱ्या त्या बाजूला फिरकू देऊ नका. पण हात सुटला म्हणून पाणकणीस आणि लव्हाळाही उपटू नका. आमच्या उत्साही पोट्ट्यांनी तेच केलं होतं. पुढच्या पावसात तेवढाच काठ ढासळला. रेतीवर बिछायतीचा, म्हणजे मांडवाच्या सामानाचा, ट्रॅक्टर नेणंही टाळा. उन्हाळ्याच्या तोंडाशी टिटवी आणि नदी सुरय हे पक्षी उघड्या रेतीतच अंडी घालतात.

चित्रांचं काम मला सगळ्यात आवडतं, म्हणून तिथं सगळ्यात जास्त भांडतो. घाटाच्या पायऱ्या रंगवायच्या नाहीत. पुराचं पाणी तो रंग खरवडून नेणार आणि काळा दगड तसाच देखणा आहे. शाळेची भिंत घ्या. गेरू, चुना, नीळ पुरेसं होतं. ब्रश नदीत धुवायचे नाहीत, बादलीत धुवून ते पाणी गावाकडच्या खड्ड्यात. चुन्याच्या पाण्यानं मासे मरतात. भिंतीवर नुसते मोर-कमळ नकोत. म्हाताऱ्यांना विचारून पुराची रेघ काढा, कुठल्या साली पाणी कुठवर आलं ते. आमच्याकडे सगळे 1991 सांगतात. त्याच वर्षी 30 जुलैला वर मोवाडला वर्धेच्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. ती रेघ काढताना पोरं गप्प होती.

गाण्यांसाठी डीजे बोलावू नका. खंजिरीचं भजनी मंडळ आणि दंडारवाले (आपल्याकडचं लोकनाट्य करणारे) यांना दोन आठवडे आधी सुपारी-नारळ द्या, नाहीतर दुसरं गाव नेतं. जात्यावरच्या ओव्या आधीच घरोघरी जाऊन मोबाइलवर घ्या, स्टेजवर माय लाजते. पलीकडच्या काठाला कौंडिण्यपूर, रुखमाईचं माहेर. त्यामुळे इकडच्या बायांना रुखमाईवरून छेडलं की गाणं आपोआप निघतं.

पाण्याची तपासणी शाळेकडे. 20 सेंटिमीटरची स्टीलची थाळी, तिचे चार भाग आळीपाळीनं काळे-पांढरे रंगवलेले, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. ती पाण्यात सोडायची; थाळी दिसेनाशी झाली की तेवढी खोली वहीत लिहायची, पाणी किती नितळ ते कळतं. पीएच कागद (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणारा) औषधाच्या मोठ्या दुकानात मागून पाहा; आंघोळीच्या पाण्याला 6.5 ते 8.5 चालतो. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा कुणी मिळाला तर त्याला पहाटे बोलवा, तेव्हाच तो सगळ्यात कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर चिंता. नाल्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा.

जेवण वांग्याची भाजी, पोळी, भात. पत्रावळी पळसाच्या, टाचण्याही काडीच्या. दुकानदार 'पानाचीच आहे' म्हणाला तरी एक फाडून बघा. 2018 पासून थर्माकोलच्या ताटांवर राज्यात बंदी आहे, बाजारात मात्र ती बिनधास्त मिळतात. पाण्याला गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि स्टीलचे पेले. दिवे यंदा पाण्यात सोडायचे नाहीत, घाटाच्या पायऱ्यांवर लावायचे. कणकेचे, म्हणजे सकाळी गाई खातील.

दुसऱ्या दिवशीची माणसं आधीच नेमा, रात्री सगळे थकलेले असतात. आठ जण, चार पोती, सहा वाजता घाटावर. भोईकाकांना जाळं तेव्हाच ओढायला सांगितलंय, आणि मोजायला वहीही ठेवलीय.