न्यूट्रॉनने बंद पेटी तपासताना या चुका टाळा: तो नायट्रोजन नेमका कुठला?

नायट्रोजनच्या अणुकेंद्राने मंद न्यूट्रॉन गिळला की कधीकधी १०.८३ एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा किरण बाहेर पडतो. एवढ्या वरच्या ऊर्जेला इतर रेषांची, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांच्या खुणांची, गर्दी फारशी नसते. आरडीएक्समध्ये वजनाने सुमारे ३८ टक्के नायट्रोजन, म्हणून बंद पेटीतलं स्फोटक शोधताना सगळ्यांची नजर याच रेषेवर. पहिली चूकही इथेच होते.

गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरला चिकटूनच देवार असतो, म्हणजे त्याला थंड ठेवणारा, द्रव नायट्रोजनने भरलेला थर्मास. भटके न्यूट्रॉन त्यातही शिरतात. पेटीत नुसते सुती कपडे आणि पडद्यावर १०.८३ चं शिखर! म्हणून रिकाम्या पेटीचा स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख) आधी घ्या, तोही देवारची पातळी तेवढीच असताना. सकाळी काठोकाठ भरलेल्या देवारची पार्श्वभूमी संध्याकाळच्या मोजणीतून वजा केलीत, तर खरा नायट्रोजनही पुसला जाईल. डिटेक्टरभोवती लिथियम-६ चं कवच द्या. बोरॉनही न्यूट्रॉन शोषतो, पण ४७८ केईव्हीची (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही) स्वतःची रेषा घुसवतो. देवारऐवजी विजेवरचा कूलर असेल तर मागे उरतो तो हवेतला नायट्रोजन.

सीझियम-कोबाल्टच्या रेषांवरून केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे डिटेक्टरची ऊर्जापट्टी जुळवणं, १.३३ एमईव्हीला संपतं. तिथून थेट १०.८३ पर्यंत रेघ ओढू नका. हायड्रोजनची २.२२३ ची रेषा आणि मेलामाइनच्या पावडरीतली नायट्रोजनची रेषा वापरा. खऱ्या शिखराखाली १०.३२ आणि ९.८१ ला एस्केप शिखरं (थोडी ऊर्जा डिटेक्टरबाहेर निसटल्याने उमटणारी) दिसतात. ती नसतील तर पाइल-अपचा, म्हणजे एकदम आलेले किरण एकच मोठा किरण भासल्याचा, संशय घ्या.

अमली पदार्थ शोधताना घाई होते ती क्लोरीन दिसला म्हणून. कोकेन हायड्रोक्लोराइडमध्ये तो असतो, तसाच मिठात आणि पीव्हीसीतही. मंद न्यूट्रॉन गिळण्यात क्लोरीन नायट्रोजनच्या चारशे पट पुढे, त्यामुळे थोड्या मिठानेही ६.११ ची रेषा ठळक उमटते. हायड्रोजनशी त्याचं प्रमाण पाहिल्याशिवाय शेरा मारू नका. निरपराध माणसाचं सामान फोडलं जातं.

आता डिटेक्टरची तब्येत. वेगवान न्यूट्रॉन स्फटिकातले अणू जागचे हलवतात आणि शिखराला डावीकडे शेपूट फुटते. कोबाल्टची १३३२ केईव्हीची रेषा रोज पाहा. चांगल्या डिटेक्टरवर तिची रुंदी २ केईव्हीच्या आसपास असते. ती वाढत चालली असेल तर देवार आटू देऊ नका. रविवारी अर्धवट तापलेला आणि सोमवारी पुन्हा थंड केलेला स्फटिक आणखी बिघडतो. यावर उपाय अ‍ॅनीलिंगचा, म्हणजे स्फटिक तापवून दोष घालवण्याचा, निर्वातात, साधारण १०० अंश सेल्सिअसला, उत्पादकाच्या सूचनेनुसारच. नवा डिटेक्टर घेणार असाल तर एन-टाइप जर्मेनियमचा घ्या, तो पी-टाइपपेक्षा न्यूट्रॉनचा मार जास्त सोसतो.