जुन्या सेफ्टी रेझरने दाढी: रेझर पारखण्यापासून तुरटीपर्यंत

आज किराणा दुकानात मिळणारं दुधारी ब्लेड ४३ मिमी लांब, २२ मिमी रुंद आणि अवघं ०.१ मिमी जाड असतं. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये अमेरिकेत ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्यातही हेच ब्लेड बसतं. म्हणूनच आजोबांच्या पेटीतला किंवा जुन्या बाजारातला रेझर ही शोभेची वस्तू ठरत नाही. तो धड असेल तर उद्या सकाळी त्याने दाढी करता येते.

धड आहे की नाही, हे मात्र विकत घेण्याआधी पाहावं लागतं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर शोधायला निघालात तर खिशात नवं ब्लेड ठेवा. ब्लेड बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

घ्यायचा कोणता? नवशिक्याने जिलेटचा 'टेक' किंवा 'सुपर स्पीड' घ्यावा. टेक तीन भागांचा असतो: टोपी, खालची पट्टी आणि दांडा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि धारही सौम्य लागते. १९४७ पासूनचा सुपर स्पीड बटरफ्लाय प्रकारचा आहे. दांड्याच्या तळाची घुंडी फिरवली की वरची दोन दारं उघडतात. १९५८ ला आलेल्या 'फॅटबॉय'वर आणि त्यानंतरच्या 'स्लिम'वर १ ते ९ आकडे असतात. आकडा वाढला की ब्लेड आणि खालची पट्टी यांच्यातली फट वाढते. हे रेझर उत्तम आहेत, पण महाग पडतात. घेतलाच तर पहिला महिनाभर २ किंवा ३ वरच ठेवा, आणि आकडा बदलण्याआधी तळाची घुंडी अर्धा वेढा सैल करा. पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकी जिलेटवर डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. 'डी' म्हणजे १९५८, आकडा म्हणजे तिमाही. डी-४ दिसलं तर तो त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतला.

आपल्याकडे डबीतला 'रोल्स' रेझरही बराच सापडतो, ज्याच्या डबीतच धार लावायचा दगड आणि चामडं असतं. दिसायला मोहक आहे, पण धार लावता येत नसेल तर आत्ता नको. उघडा वस्तराही सध्या नकोच.

आता परीक्षा. ब्लेड बसवा, रेझर उजेडासमोर डोळ्याच्या पातळीवर धरा आणि दोन्ही बाजूंना ब्लेडची धार किती बाहेर डोकावते ते पाहा. दोन्हीकडे सारखी आणि टोपीच्या कडेला समांतर हवी. एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी दिसली तर आधी ब्लेड काढून पुन्हा बसवा. तरीही तिरकी राहिली तर डोकं वाकलेलं आहे. असा रेझर गालाच्या एकाच बाजूला कापत राहतो आणि दोष आपण हाताला देत बसतो. बटरफ्लायची दारं पूर्ण मिटतात का ते बघा. घुंडी अडखळत असेल तर बहुधा साबण साचलेला असतो आणि तो निघतो, पण दार वाकलं असेल तर सोडून द्या. दातेरी पट्टीच्या रेझरमध्ये कोपऱ्याचे दाते वाकलेले नाहीत ना, आणि पोकळ दांड्याला केसासारखी उभी चीर नाही ना, हे नखाने चाचपा. मुलामा उडून पितळ दिसत असलं तर बिघडत नाही.

साफसफाईत सगळ्यात जास्त रेझर खराब होतात. पितळ दिसलं की आपला हात पितांबरीकडे, चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. घरच्या समईला ते ठीक, रेझरला नाही. वरचा निकेलचा थर अगदी पातळ असतो. आंबट पदार्थ तो खातात आणि रगडणारी पावडर ओरबाडते. सोनेरी मुलामा तर दोन-चार घासण्यांत जातो. उकळत्या पाण्यातही टाकू नका. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घाला, २० मिनिटं भिजवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने दांड्याच्या खाचांतून, दारांच्या सांध्यांतून फिरवा. पाणी गढूळ होईल, पांढरट कपचे निघतील. तो वर्षानुवर्षांचा साबण आणि जड पाण्यातला क्षार. पितळेवर चढलेला हिरवा थर राहिला तर हेच पुन्हा दोनदा करा. आकड्यांना रंग असेल तर तिथे घासू नका. शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा आणि बटरफ्लायच्या तळाच्या सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब सोडा. रेझरसोबत आलेली जुनी ब्लेडं कधीही वापरू नका.

ब्लेड बसवताना ते आखूड बाजूंनी धरा. तीन भागांच्या रेझरमध्ये टोपी उलटी धरायची, तिच्यावर ब्लेड, त्यावर पट्टी, मग दांडा आवळायचा. आवळताना ब्लेडची दोन टोकं चिमटीत धरली की ते सरळ बसतं.

दाढी आंघोळीनंतर करा, नाहीतर गरम पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. कोरडा केस राठ असतो. भिजला की ब्लेडला जोर लागत नाही. डुकराच्या केसांचा ब्रश दोन मिनिटं पाण्यात ठेवून झटका, सिंथेटिक नुसता ओला पुरतो. गोलाकार साबणाच्या वडीवर ब्रश ३० सेकंद फिरवा, किंवा बदामाएवढं क्रीम घ्या. मग पाणी थेंबाथेंबाने वाढवत वाटीत घोटा. बुडबुडे दिसले तर अजून घोटायचं आहे. फेस दह्याच्या मलईसारखा चमकदार आणि जड झाला, ब्रश उचलल्यावर टोक वळलं, की झाला. बोअरवेलच्या पाण्यात फेस बसतच नसेल तर साबण बदलण्याआधी वाटीभर फिल्टरचं पाणी वापरून बघा.

आता हात. आधी बोटं फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते ओळखा. गळ्यावर ते बहुधा आडवे किंवा वरच्या दिशेने असतात आणि सगळ्यात जास्त कापतं तेही तिथेच. रेझरची टोपी गालाला टेकवा, दांडा जमिनीला समांतर धरा, मग दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला लागल्याचा बारीक कर्रकर्र आवाज येतो तिथे थांबा. ब्लेड आणि त्वचेत साधारण ३० अंश पडतात. दांडा फार खाली गेला तर ब्लेड खरवडतं आणि जळजळ होते. फार वर राहिला तर नुसती टोपी घसरते आणि केस तसेच राहतात.

कार्ट्रिजची, म्हणजे एकापेक्षा जास्त ब्लेडं एकत्र बसवलेल्या आधुनिक रेझरची सवय असलेला माणूस दाबतो, आणि रक्त येण्याचं पहिलं कारण तेच. हा रेझर पितळेचा आहे, त्याचं वजन पुरेसं आहे. दांडा तळाच्या टोकाजवळ दोन-तीन बोटांत धरलात की दाबताच येत नाही. दुसऱ्या हाताने त्वचा ताणा आणि दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटके मारा. रेझर ब्लेडच्या लांबीच्या दिशेने सरकवू नका, त्याने सरळ चीर पडते.

पहिला हात केसांच्या दिशेने. धुवा, पुन्हा फेस लावा, दुसरा हात केसांच्या दिशेला आडवा. पहिले दोन-तीन आठवडे इथेच थांबा. न्हावी जिला उलटी दाढी म्हणतो ती नंतर, आणि कुरळे केस असतील तर गळ्यावर कधीच नाही. तिथे उलट्या हाताने केस त्वचेखाली तुटतो, आत वळतो आणि पुळी येते. फेस नसलेल्या जागी रेझर पुन्हा फिरवायचा मोह आवरा.

गार पाण्याने चेहरा धुऊन ओली तुरटी फिरवा, अर्धा मिनिट थांबा, धुवा. जिथे चुरचुरेल तिथे आज दाब जास्त पडला होता. उद्या हात तिथे हलका ठेवायचा.

ब्लेड चार ते सहा दाढ्यांनंतर, किंवा केस ओढायला लागलं की बदला. धार कपड्याने पुसू नका, नुसती पाण्याखाली धरा आणि झटका. टाकून दिलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या बंद डब्याला वर ब्लेड जाईल एवढी चीर पाडून त्यात टाकत जा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करा, त्यावर ठळक 'ब्लेड' लिहा आणि कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगूनच द्या.