रासायनिक बंध शिकताना माझे कुठे चुकले

‘अणूला आपले अष्टक पूर्ण करायचे असते’ हे वाक्य मी पाठ केले होते आणि बराच काळ त्याच्याच भरवशावर उत्तरे लिहिली. अष्टक म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन. अष्टकाच्या नियमाने सूत्रे जुळतात हे खरे. पण अणू एकत्र का राहतात, हे त्यातून कळत नाही.

हायड्रोजनचे दोन अणू जवळ येतात, तेव्हा प्रत्येकाच्या इलेक्ट्रॉनला दोन्ही केंद्रके खेचू लागतात आणि एकूण ऊर्जा घटते. मात्र ते फारच जवळ आले, तर केंद्रकांमधील प्रतिकर्षणामुळे ऊर्जा झपाट्याने वाढते. सुमारे ७४ पिकोमीटर अंतरावर ही ऊर्जा सर्वांत कमी असते आणि तीच बंधाची लांबी. ऊर्जा व अंतर यांचा आलेख स्वतः काढला, तेव्हा बंध म्हणजे दोन गोळ्यांमधली काडी नव्हे, हे मला उमगले. नवोदितांनी सुरुवात या आलेखापासूनच करावी, असे माझे मत आहे.

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हा माझा आणखी एक गैरसमज. आलेखाच्या खळग्यातून वर येण्यासाठी ऊर्जा पुरवावीच लागते. हायड्रोजनच्या बाबतीत ती मोलमागे सुमारे ४३६ किलोज्यूल आहे. हायड्रोजन जळताना उष्णता मिळते, ती पाण्याचे नवे बंध तयार होताना त्याहून अधिक ऊर्जा मोकळी होते म्हणून.

पाण्याचा रेणू मी सुरुवातीला सरळ रेषेत काढत असे. ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या असतात, त्यांपैकी दोन बंधांत गुंतलेल्या आणि दोन एकाकी. या एकाकी जोड्या अधिक जागा व्यापत असल्याने बंधांमधील कोन, चारही जोड्या सारख्या असत्या तर मिळाला असता त्या चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) १०९.५ अंशांवरून १०४.५ अंशांवर येतो. रेणू सरळ असता, तर दोन्ही बंधांची ध्रुवीयता, म्हणजे विद्युतभाराची असमान वाटणी, परस्परविरुद्ध दिशांमुळे रद्द झाली असती. तो वाकलेला असल्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनची बाजू किंचित धन राहते आणि शेजारच्या रेणूंशी या धन-ऋण बाजूंच्या आकर्षणातून ‘हायड्रोजन बंध’ जुळतात. हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि पाणी १०० अंशांना, त्याचे मुख्य कारण हेच. उकळताना रेणूंमधले हे बंध तुटतात, रेणूच्या आतले नव्हेत. म्हणून उदाहरण सोडवण्यापूर्वी नेमका कोणता बंध तुटतो आहे, हे मी आजही समासात लिहून ठेवतो.